सत्ता मिळणार नाही, मग लढायचं कशासाठी?

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त सिंगापूरला असते. तिच्याकडे राहायला गेलो तेव्हा कळलं, की तिथे १९५९ पासून एकाच पक्षाचं सरकार आहे. मग तिथले छोटे विरोधी पक्ष निवडणूक लढवतात तरी कशाला? आणि त्यांना मत देणाऱ्याच्या पदरात काय पडतं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे. विरोधकाला मत देणाऱ्याच्या पदरात सिंगापुरात बरीच वर्षं पडली ती जुनी इमारत आणि आपल्या मजल्यावर न थांबणारी लिफ्ट.

तिथली जवळजवळ ऐंशी टक्के जनता सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहते. जुन्या इमारतींतल्या लिफ्ट ठरावीक मजल्यांवरच थांबायच्या. म्हातारी माणसं, बाळंतिणी, सामानाच्या पिशव्या, सगळ्यांना पुढचे जिने चढणं भाग. त्या इमारती सुधारायचा मोठा सरकारी कार्यक्रम आला आणि १९९०च्या दशकात सत्ताधारी पीपल्स ॲक्शन पार्टीनं उघडच सांगितलं, की जिथले मतदार आम्हाला निवडतील तिथलं काम आधी होईल. यात लपवाछपवी नव्हती, प्रचारसभेतच बोललं जायचं.

पोटोंग पासिर ही विरोधकाला निवडून देणारी अशीच एक वस्ती. चियाम सी टोंग नावाचे वकील तिथून १९८४ मध्ये निवडून आले. त्यांनी १९८० मध्ये स्थापन केलेला सिंगापूर डेमोक्रॅटिक पक्ष अगदीच लहान होता. त्याआधी १९७६ मध्ये ते अपक्ष उभे होते, तेव्हा आपल्या फोक्सवॅगन बीटलमधून गल्लोगल्ली प्रचार करत फिरले आणि हरले. १९८४च्या प्रचारात पंतप्रधान ली कुआन यू यांनी भर सभेत चियाम यांचे शाळेतले गुण आणि आपल्या उमेदवाराचे गुण यांची तुलना केली. मतदारांना ते रुचलं नाही. चियाम साठ टक्के मतं घेऊन जिंकले.

निवडून आल्यावरची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सिंगापुरात समाजकेंद्रं, रहिवासी समित्या हे सगळं एका सरकारी संस्थेच्या हाताखाली चालतं आणि तिचा स्थानिक सल्लागार सरकार नेमतं. त्यामुळे विरोधी मतदारसंघात सल्लागार होतो तो सत्ताधारी पक्षाचा माणूस, अनेकदा निवडणुकीत पडलेला उमेदवारच! निवडून आलेल्या खासदाराला तिथे जागा नाही. चियाम यांनी इमारतीच्या तळमजल्यावर, खांबांमधल्या मोकळ्या जागेत टेबलखुर्ची टाकली आणि वर्षानुवर्षं तिथेच बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकली, सरकारी खात्यांना पत्रं लिहिली. स्वतःच्याच पक्षात वाद होऊन त्यांना तो सोडावा लागला, तरी लोकांनी त्यांना सोडलं नाही. २००१ मध्ये ते फक्त ७५१ मतांनी वाचले. २००६ मध्ये सत्ताधाऱ्यांनी पोटोंग पासिरच्या सुधारणांसाठी ८ कोटी आणि हौगांग या दुसऱ्या विरोधी मतदारसंघासाठी १० कोटी सिंगापुरी डॉलरचं आश्वासन दिलं. अट अर्थातच विजयाची. दोन्हीकडच्या मतदारांनी विरोधी खासदारच पुन्हा निवडले. लिफ्टची सोय पुढे ढकलून मत देणाऱ्या या माणसांबद्दल मला अतिशय आदर आहे.

सगळ्यांच्या वाट्याला एवढं सौम्य प्रकरण आलं नाही. वर्कर्स पार्टी या दुसऱ्या विरोधी पक्षाचे जे. बी. जेयरत्नम यांनी १९८१ मध्ये ॲन्सनची पोटनिवडणूक जिंकली. १९६८ पासून चार सार्वत्रिक निवडणुकांत सत्ताधाऱ्यांनी एकूण एक जागा जिंकली होती. ती सलगता त्यांनी मोडली. पाच वर्षांनी पक्षाच्या हिशेबाच्या खटल्यात शिक्षा होऊन त्यांची खासदारकी गेली, वकिलीची सनदही गेली. १९८८ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयानं सनद परत दिली आणि त्यांच्यावर घोर अन्याय झाल्याचं नमूद केलं. पुढे अब्रुनुकसानीच्या दाव्यांची भरपाई देता देता २००१ मध्ये त्यांचं दिवाळं वाजलं. उतारवयात हा माजी न्यायाधीश रस्त्यावर उभा राहून स्वतःची पुस्तकं विकत होता. लोक थांबून विकत घेत.

आता तुमचा पहिला प्रश्न. हे पक्ष उद्या सरकार बनवायला उभे नसतात. त्यांना सभागृहात प्रश्न विचारणारा माणूस हवा असतो. १९९१ मध्ये तर त्यांनी मुद्दामच निम्म्याहून कमी जागा लढवल्या. सरकार अर्ज भरण्याच्या दिवशीच ठरून गेलं, त्यामुळे 'सत्ता बदलली तर?' ही मतदाराची धास्ती मिटली आणि विरोधकांचे चार जण निवडून आले. त्या चौघांत हौगांगचे लो थिया खियांग होते, वर्कर्स पार्टीचे. या पक्षाचे कार्यकर्ते रविवारी बाजारात आणि खाऊगल्ल्यांत टेबलाटेबलाशी जाऊन पक्षाचं मुखपत्र विकतात. निवडणूक चार वर्षं लांब असली तरी विकतात.

मधल्या काळात नियम बदलत गेले. १९८८ पासून बऱ्याच जागा एकेकट्यानं लढवताच येत नाहीत. उमेदवारांचा गट उभा करावा लागतो आणि त्यात निदान एक अल्पसंख्याक समाजाचा हवा. हेतू चांगला सांगितला जातो, पण छोट्या पक्षाला एकदम चार-पाच तोलामोलाची माणसं आणायची कुठून? २०११ मध्ये लो यांनी हौगांगची हमखास जागा सहकाऱ्याकडे सोपवली, अल्जुनिडमध्ये पाच जणांचा गट उतरवला आणि परराष्ट्रमंत्र्यांच्या गटाला हरवलं. त्याच वर्षी चियामही गट घेऊन दुसरीकडे लढले आणि हरले. पोटोंग पासिरमध्ये त्यांच्या पत्नी ११४ मतांनी पडल्या. सत्तावीस वर्षांनी ती वस्ती सत्ताधाऱ्यांकडे गेली.

२०२५ च्या निवडणुकीत ९७ पैकी ८७ जागा सत्ताधाऱ्यांना आणि १० वर्कर्स पार्टीला मिळाल्या. चियाम यांच्या जुन्या पक्षाला १९९७ पासून एकही जागा जिंकता आलेली नाही, पण त्या निवडणुकीत त्याच्या नेत्यानं सेंबावांग वेस्टमध्ये जवळपास ४७ टक्के मतं घेतली. तुमची लेक त्या भागात राहत असेल, तर शेजाऱ्यांना विचारून पाहा. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांनी तुमच्या प्रश्नाचं उत्तर मतपत्रिकेवर दिलेलं असेल.