श्रीरामपूरचे सेंट ओलाव्ह चर्च आणि मराठी मुद्रण

मराठी गद्याच्या इतिहासात श्रीरामपूरचे नाव वारंवार येते. हे श्रीरामपूर अहिल्यानगर जिल्ह्यातील नव्हे, तर कलकत्त्याच्या उत्तरेस, हुगळीच्या पश्चिम तीरावरील होय. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली तेथे छापले गेले, आणि त्याच सुमारास त्या गावात एक चर्च उभे राहत होते. आपल्या अभ्यासकांनी छापखान्याची दखल घेतली, चर्चची घेतली नाही. वस्तुतः दोहोंचा विचार एकत्र केला पाहिजे.

डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांनी १७५५ साली श्रीपूर, आकना इत्यादी गावांतील जमीन मिळवून येथे वसाहत केली. कंपनी सरकारची मिशनऱ्यांवर वक्रदृष्टी होती. म्हणून मार्शमन आणि वॉर्ड १७९९ मध्ये या परक्या मुलखात उतरले. १८०० च्या जानेवारीत केरी त्यांना येऊन मिळाला. गव्हर्नर ओले बी याने त्यांना आश्रय दिला. चर्चसाठी निधी जमविण्यात पुढाकार त्याचाच. मात्र ते पुरे झालेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. तो १८०५ मध्ये वारला आणि काम १८०६ मध्ये संपले.

वास्तू साधी आहे. पुढे जोडस्तंभांची ओसरी, तिच्यावरील त्रिकोणी शीर्षभागी राजा सातव्या क्रिस्तियानचे नाममुद्राचिन्ह, वर घंटाघर आणि मागे प्रार्थनागृहाचे सपाट छप्पर. एक घंटा १८०४ साली डेन्मार्कमधील फ्रेडरिक्सव्हेर्क येथे ओतलेली आहे. राजमुद्रा डेन्मार्कची असली तरी घडण मात्र लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्सपासून कलकत्त्याच्या सेंट जॉन चर्चपर्यंत आलेल्या इंग्रजी परंपरेतली आहे. यात नवल नाही, कारण पैसाही काही अंशी कलकत्त्याचाच होता. गव्हर्नर जनरल वेलस्लीने एक हजार रुपये दिले. पलीकडच्या काठावरील बराकपूरच्या उद्यानातून दिसायला एक मनोराच काय तो उणा आहे, असे तो म्हणाल्याची आख्यायिका आहे!

याच वेलस्लीने १८०० साली फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन केले. तेथे केरी मराठी शिकवू लागला आणि पंडित वैद्यनाथाच्या साहाय्याने त्याने व्याकरण रचले. मोडीचे खिळे तेव्हा तयार नसल्याने ते देवनागरीत छापावे लागले. १८१० च्या कोशात मात्र मोडी आली. डॅनिश आश्रयामुळे मराठी मुद्रण घडले, हे आपल्याकडील प्रचलित विधान म्हणूनच अपुरे वाटते. १८०८ मध्ये इंग्रजांनी श्रीरामपूर ताब्यात घेतले आणि ते १८१५ पर्यंत सोडले नाही. तो कोश, १८११ चा नवा करार आणि १८१४ ची 'सिंहासन बत्तिशी' ही सारी त्या सात वर्षांतली. १८१२ च्या आगीतूनही छापखाना सावरला. आश्रयाने त्याला जागा दिली. पुढे त्याला जगविले ते बव्हंशी कलकत्त्याच्या मागणीने, असे माझे मत आहे.

आणखी एक दुवा दुर्लक्षित राहतो. १८१६ चे 'राजा प्रतापादित्याचे चरित्र' रामराम बसूंच्या १८०१ च्या बंगाली ग्रंथावरून मराठीत उतरले. चर्चच्या घडणीप्रमाणे तेही येथे दुसरीकडूनच आले होते, पण इंग्लंडहून नव्हे, शेजारच्या भाषेतून.

१८४५ साली डेन्मार्कने वसाहत कंपनीला विकली. चर्च पुढे जीर्ण होत गेले. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या सहकार्याने त्याचा जीर्णोद्धार होऊन ते २०१६ मध्ये पुन्हा उघडले, आणि त्याच वर्षी या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार लाभला.