दादरचा फोटो: फलाट आणि तारखेसकट

साहित्य: बरा कॅमेरा असलेला मोबाइल, भरलेली पॉवर बँक, खिशात मावणारी वही, पेन आणि प्लॅटफॉर्म तिकीट. हे तिकीट दहा रुपयांना मिळतं आणि दोनच तास चालतं, म्हणून काढल्याबरोबर वेळ वहीत टाका. ट्रायपॉड घरीच ठेवा. तो उघडला की गर्दी अडते आणि पोलीस हटकतात. व्यावसायिक चित्रीकरण असेल तर रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडून रीतसर परवानगी काढावी लागते. सॅक पोटावर घ्या, हे दादरला जाणाऱ्याला सांगायला नकोच.

पहिली फेरी कॅमेरा न काढता मारा. पुढच्या वर्षीही नेमकं तिथेच उभं राहता येईल अशा आठ-दहा जागा हेरायच्या आहेत. पश्चिमेला कवी केशवसुत उड्डाणपुलाखालचा एखादा खांब, रानडे रोडचं तोंड, कबुतरखान्याचा चौक. पूर्वेला स्वामिनारायण मंदिरासमोरचा फुटपाथ. उत्तरेला टिळक पूल. रूळ साधारण उत्तर-दक्षिण धावतात, त्यामुळे पश्चिमेकडच्या इमारतींची स्टेशनकडे वळलेली तोंडं सकाळी उजळतात आणि पूर्वेकडची दुपारनंतर. दिवसाचा क्रम त्यावरूनच लावा.

दिवस मात्र साधा निवडा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी फूलबाजारात झेंडूइतकेच कॅमेरे असतात. कुठल्याशा मंगळवारचं दादर कुणाकडेच नसतं.

सुरुवात उजाडण्याआधी, फूलबाजारातून. इथे दोन तांत्रिक अडचणी हमखास येतात. एक म्हणजे झेंडू. दिव्याखालचा त्याचा ढीग फोटोत नुसता केशरी डाग होतो, पाकळी दिसत नाही. फोकससाठी ढिगावर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा, पाकळ्यांच्या कडा वेगळ्या दिसेपर्यंत. आजूबाजूचं थोडं काळवंडलं तरी चालेल. दुसरी अडचण दिव्यांच्या पिवळेपणाची. त्यात पांढरी शेवंतीही पिवळी दिसते. व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता एकदा शेवंतीवर जुळवून घ्या आणि तिथून हलेपर्यंत तोच ठेवा.

माणसांचे फोटो विचारून काढा. सप्टेंबर २०१७ मध्ये एलफिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. त्यानंतर उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. तेव्हा फेरीवाल्याला कॅमेरा दिसला की आधी पालिकेची गाडी आठवते, यात त्याचं काय चुकलं? ‘दादा, काढू का एक?’ एवढं पुरतं. नाही म्हणाला तर हात, तराजू, भावाची पाटी यांचा विचारा. त्यालाही नकार असेल तर पुढे चला. झोपलेल्या माणसांचा आणि बायकांच्या डब्याचा फोटो काढायचाच नाही.

मग स्टेशनात शिरा. जिन्यावर आणि पादचारी पुलावर थांबू नका. वर सांगितलेली चेंगराचेंगरी इथून पुढच्याच स्टेशनात झाली. सकाळच्या गर्दीच्या वेळात तर कॅमेरा खिशातच असू द्या. ती ओसरली की फलाटावर खांबाला पाठ लावून उभं राहा, पिवळ्या पट्टीच्या बरंच आत. सेल्फी स्टिक वर करू नका, वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात.

इंडिकेटर टिपायचा तर शटर १/५० किंवा त्याहून संथ ठेवा. वेगवान शटरला एलईडीची अक्षरं अर्धीच उमटतात. पाटीवरची भाषा बदलत राहते म्हणून लागोपाठ तीन-चार फोटो घ्या. एसी लोकलमधून उतरला असाल तर लेन्सवर वाफ धरलेली असते. पुसत बसू नका, चहा होईपर्यंत ती आपोआप जाते. गाडीपेक्षा पाट्या, स्टॉल, पाण्याचे नळ, पंखे, बाकडी यांना जास्त फोटो द्या. गाड्यांचे फोटो हौशी लोकांनी भरपूर काढून ठेवलेत, बाकड्याचं कुणाला पडलेलं नसतं.

सगळ्यात महत्त्वाचं काम वहीतलं. प्रत्येक जागेला एक ओळ: कुठे उभा होतो, तोंड कुठे, तारीख, वेळ. ‘दादर, फलाट एक’ एवढंच लिहिलेला जुना फोटो घ्या. ९ डिसेंबर २०२३ पर्यंत दादरला एक नंबरचे फलाट दोन होते, एक पश्चिम रेल्वेचा, एक मध्यचा. त्या दिवसापासून मध्यचे फलाट आठपासून चौदापर्यंत झाले. तारीख आणि मार्ग लिहिला नसेल तर तो फोटो कुठला, हे काढणाऱ्यालाही पुढे सांगता येणार नाही. रस्त्यांचंही तसंच. कबुतरखाना ऑगस्ट २०२५ मध्ये ताडपत्रीखाली गेला. त्याच्या अलीकडचा फोटो की पलीकडचा, हे तारखेवरून लगेच कळतं. एलफिन्स्टन रोड स्टेशनचं प्रभादेवी झालं तेही २०१८ मध्ये.

घरी आल्यावर त्याच रात्री फोटो उतरवा, दुसऱ्या दिवशी वहीतलं अक्षर आपल्यालाच लागत नाही. फाइलचं नाव वर्षापासून सुरू करा: वर्ष, महिना, दिवस, मग ‘दादर पश्चिम, रानडे रोड, तोंड पश्चिमेला’. सगळं आपोआप क्रमाने लागतं. दोन ठिकाणी प्रती ठेवा. कुणाला पाठवायचे असतील तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीसारखा फोटो पाठवला की त्याच्या पोटातली तारीख-ठिकाणाची नोंद गळून जाते आणि चित्रही दाबलं जातं.

वर्षाने परत जाताना जुन्या फोटोंच्या छोट्या प्रती छापून न्या. जागेवर उभं राहून फोटोतल्या जवळच्या आणि लांबच्या अशा दोन वस्तू निवडा, समजा उड्डाणपुलाचा खांब आणि मागच्या इमारतीचा कोपरा. छापील फोटोत त्या दोन्हींमध्ये जेवढं अंतर दिसतं तेवढंच समोर दिसेपर्यंत डावीकडे-उजवीकडे सरका. झूम नंतर जुळवा. दोन्हींपैकी एक वस्तू पाडली गेली असेल तर तिसरी शोधावी लागते. टिळक पुलाच्या बाजूला नव्या पुलाचं काम सुरू झाल्यापासून तिथे तरी तीन-चार खुणा धरून ठेवलेल्या बऱ्या.