एंडोमेट्रिओसिस : वेदनाशमनात स्वयंपरिचर्या व दिनचर्येचे स्थान

प्रस्तावना

मासिक पाळीच्या वेदनांची तक्रार घेऊन येणारी रुग्णा आपणा सर्वांच्या चिकित्सालयात नित्य येते. अशा वेळी आपली लेखणी बहुधा 'कष्टार्तव' असे निदान लिहून मोकळी होते. पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत ते योग्यही असते. परंतु त्याच शब्दाच्या आड एक चिवट व्याधी वर्षानुवर्षे दडून राहू शकतो. प्रस्तुत लेखात आम्ही त्या व्याधीचा, म्हणजे एंडोमेट्रिओसिसचा, आणि विशेषतः त्याच्या लक्षणांवर रुग्णेने घरी करावयाच्या उपायांचा ऊहापोह करणार आहोत.

या विषयाकडे आम्ही वळलो ते आमच्याच एका चुकीमुळे. एका तरुण शिक्षिकेवर आम्ही सुमारे दोन वर्षे कष्टार्तवाची चिकित्सा करीत होतो. दर महिन्यास थोडा उपशय मिळे, आणि तेवढ्यावर आम्ही समाधानी होतो. पाळीच्या दिवसांत मलप्रवृत्तीच्या वेळी वेदना होतात का, शरीरसंबंधाच्या वेळी दुखते का, हे प्रश्न आम्ही तिला कधी विचारलेच नव्हते. अपत्यप्राप्ती होईना म्हणून तपासण्या झाल्या तेव्हा दोन्ही बीजकोशांत रक्तयुक्त ग्रंथी आढळल्या. "दुखतं, हे मी सांगतच होते," एवढेच ती म्हणाली. ते वाक्य आम्ही विसरलेलो नाही.

व्याधिपरिचय

गर्भाशयाच्या अंतःस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोश, उदरावरण, मलाशय व मूत्राशय यांचा परिसर अशा ठिकाणी वाढणे म्हणजे एंडोमेट्रिओसिस होय. ही ऊती संप्रेरकांच्या चक्रास प्रतिसाद देते. त्यामुळे तेथे शोथ व व्रणवस्तू निर्माण होते आणि अवयव परस्परांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगातील जवळजवळ १९ कोटी स्त्रिया व मुली यांनी ग्रस्त आहेत.

सॅम्पसन यांनी १९२७ साली मांडलेल्या उपपत्तीनुसार आर्तवाचा काही अंश बीजवाहिन्यांतून उलट दिशेने उदरपोकळीत जातो व तेथे रुजतो. मात्र असा प्रतिगामी प्रवाह बहुसंख्य स्त्रियांमध्ये होतो, व्याधी मात्र थोड्यांनाच जडतो. म्हणून व्याधिक्षमत्वातील बदल व आनुवंशिकता यांचाही विचार करावा लागतो. रुग्णेची आई किंवा बहीण यांना हा विकार असल्यास धोका वाढतो. कुलवृत्ताचा हा प्रश्न आवर्जून विचारावा.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. व्याधीचा विस्तार आणि वेदनेची तीव्रता यांचे प्रमाण जुळत नाही. अल्प विकृती असूनही रुग्णा असह्य वेदनेने तळमळते, तर मोठी ग्रंथी असूनही एखादीस फारसा त्रास नसतो. म्हणून 'सोनोग्राफी साधारण आहे, तेव्हा काही नाही' असे म्हणणे शास्त्रास धरून नाही.

संहितोक्त विचार

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापदांचे वर्णन आहे. त्यांतील उदावर्तिनीमध्ये वेगधारणामुळे वायू ऊर्ध्वगामी होतो व रज कष्टाने बाहेर पडते. रजःप्रवृत्ती होताच रुग्णेस सुख वाटते, हे तेथील महत्त्वाचे लक्षण आहे. आधुनिक काळात एंडोमेट्रिओसिसचा विचार याच व्यापदाशी जोडण्याचा प्रघात दिसतो. आमच्या मते हे समीकरण पूर्ण जुळत नाही. या व्याधीत वेदना पाळीपूर्वी काही दिवस सुरू होऊ शकते, स्राव सुरू झाल्यावरही शमत नाही, क्वचित वाढते आणि पाळी संपल्यानंतरही रेंगाळते. म्हणजे 'स्राव होताच सुख' हे लक्षण नसणे हीच आपल्यासाठी धोक्याची सूचना होय.

तरीही अपानवायूचे सूत्र चिकित्सेस उपयुक्त आहे. आर्तव, मल व मूत्र यांचे निष्क्रमण हे अपानाचे कर्म. त्याच्या मार्गात मलावष्टंभ, वेगधारण, अनियमित भोजन व रात्रिजागरण यांनी अडथळा येतो. खाली दिलेली परिचर्या याच सूत्रावर आधारलेली आहे.

कोणत्या रुग्णेत शंका घ्यावी?

पुढील प्रश्न प्रत्येक वेदनायुक्त रुग्णेस विचारावेत. वेदनेमुळे शाळा, नोकरी वा घरकाम चुकते का? वेदनाशामक गोळीने पुरेसा आराम पडतो का? पाळीच्या काळात मलप्रवृत्ती वा मूत्रप्रवृत्तीच्या वेळी दुखते का? शरीरसंबंधाच्या वेळी खोलवर वेदना होते का? गर्भधारणेस विलंब होत आहे का? पाळी नसतानाही ओटीपोट दुखते का? शेवटचे काही प्रश्न एकांतात व हळुवारपणे विचारावेत. सासू वा आई शेजारी बसली असता खरे उत्तर मिळत नाही.

शंका बळावल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. पूर्वी दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया हाच निदानाचा अंतिम निकष मानला जाई. युरोपीय तज्ज्ञसंस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूत्रांत ही भूमिका बदलली असून, योनिमार्गे सोनोग्राफी व एमआरआय यांना निदानात स्थान दिले आहे. त्याच सूत्रांत रक्तातील सीए-१२५ ही चाचणी निदानासाठी वापरू नये असे म्हटले आहे.

'लग्न झाले की थांबेल', 'एक मूल झाले की बरे होईल' ही वाक्ये रुग्णा घरी ऐकतच असते. ती वैद्याच्या तोंडून तरी तिला ऐकू येऊ नयेत.

स्वयंपरिचर्या

१. वेदनेची नोंदवही. सलग तीन आवर्तनांची नोंद ठेवण्यास सांगावे. तारीख, स्रावाचा दिवस, शून्य ते दहा या प्रमाणात वेदना, मलमूत्रप्रवृत्तीच्या वेळचा त्रास, घेतलेली औषधे व चुकलेली कामे एवढे पुरेसे आहे. या वहीमुळे निदान सुकर होते, आणि कोणता उपाय खरोखर लागू पडला हे रुग्णेस स्वतःस कळते.

२. स्वेदन. ओटीपोट व कटिप्रदेशी कोरडा, सुखोष्ण शेक द्यावा. अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत प्राथमिक कष्टार्तवात सतत दिलेला मंद शेक आयबुप्रोफेनइतका परिणामकारक आढळला होता. ती चाचणी एंडोमेट्रिओसिसवरील नव्हती, हे ध्यानात ठेवावे. तथापि उपाय स्वस्त व निर्धोक आहे. पिशवी वस्त्रात गुंडाळावी, तिच्यावर झोपी जाऊ नये. वारंवार तीव्र शेक घेतल्याने त्वचेवर जाळीदार काळसर डाग पडतात, ते दिसताच उष्णता कमी करावी.

३. अभ्यंग. सुश्रुतोक्त रजस्वलापरिचर्येत अभ्यंग निषिद्ध आहे. म्हणून पाळीपूर्वीच्या आठवड्यात कटी व ऊरुप्रदेशी कोमट तिळतेलाचा हलका अभ्यंग करावा, स्राव सुरू होताच थांबवावा. पोटावर जोराने मर्दन मुळीच नको. याच परिचर्येतील विश्रांतीचा भाग घरच्यांना समजावून सांगावा. तो विटाळाचा नव्हे, आरोग्याचा विषय आहे.

४. आहार. भोजनाची वेळ नियमित असावी. ज्वारी, नाचणी, मूग, पालेभाज्या, फळे यांतून तंतुमय अंश मिळतो व मलावष्टंभ टळतो. ज्यांना मलप्रवृत्तीच्या वेळी वेदना होते त्यांना याचा लाभ लवकर जाणवतो. ज्यांना आध्मान आहे त्यांनी वाटाणा, छोले, राजमा यांचे प्रमाण पाळीच्या सुमारास कमी करून पाहावे. आहारात जवस, अक्रोड, आणि मांसाहारी असल्यास बांगडा, तारली यांसारखे मासे असावेत. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासाच्या २०१० मधील निष्कर्षांत माशांतील ओमेगा-३ स्निग्धांश अधिक घेणाऱ्या स्त्रियांत या व्याधीचे निदान कमी, तर ट्रान्स-स्निग्धांश अधिक घेणाऱ्यांत जास्त आढळले होते. यावरून जडलेली वेदना आहाराने शमते असे सिद्ध होत नाही. वनस्पती तुपात तळलेले पदार्थ व बेकरीचे पदार्थ कमी करण्यास मात्र तेवढे कारण पुरेसे आहे. स्राव अधिक असल्यास रक्तातील हिमोग्लोबिन तपासावे. केवळ पथ्यावर विसंबू नये.

५. व्यायाम व योग. वेदनामुक्त दिवसांत रोज अर्धा तास चालणे हितावह आहे. ब्राझीलमधील २०१७ च्या एका छोट्या अभ्यासात आठ आठवडे हठयोगाचा सराव केलेल्या रुग्णांची दैनंदिन वेदना कमी झालेली आढळली. बद्धकोणासन, बालासन, मार्जारासन यांसारखी सौम्य आसने व दीर्घ उच्छ्वासाचा श्वसनाभ्यास द्यावा. दीर्घकाळ वेदना भोगणाऱ्या स्त्रीचे श्रोणितलाचे स्नायू बहुधा आकुंचित राहिलेले असतात. अशा रुग्णेस मूलबंध वा अश्विनी मुद्रा यांसारख्या आकुंचनाच्या क्रिया सरसकट सांगू नयेत. तिला स्नायू सैल सोडण्यास शिकवणे अधिक महत्त्वाचे.

६. निद्रा व मन. अपुरी झोप वेदनेची जाणीव वाढवते. झोपेची वेळ निश्चित असावी. वर्षानुवर्षे 'हे सहन करावेच लागते' असे ऐकलेल्या स्त्रीचे मन खचलेले असते. तिच्या तक्रारीवर विश्वास ठेवणे हाही चिकित्सेचाच भाग होय. शक्य तेथे पतीस बोलावून व्याधी समजावून सांगावा, विशेषतः शरीरसंबंधातील वेदनेविषयी.

वैद्यांसाठी दक्षता

स्वयंपरिचर्येने लक्षणे सौम्य होतात, विकृती नाहीशी होत नाही. उपरोक्त २०२२ च्या सूत्रांतही जीवनमान सुधारण्यासाठी औषधेतर उपायांची चर्चा रुग्णेशी करावी असे सुचविले आहे. पण आहार, व्यायाम इत्यादींपैकी कोणत्याही एका उपायाची ठाम शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असेही स्पष्ट केले आहे. म्हणून 'ग्रंथी विरघळवून देतो' असे आश्वासन देऊ नये.

स्त्रीरोगतज्ज्ञांनी सुरू केलेल्या संप्रेरकांच्या गोळ्या आपण परस्पर बंद करू नयेत. इस्ट्रोजेनसदृश क्रियेची शक्यता वर्तविली जाणारी द्रव्ये या इस्ट्रोजेनावलंबी व्याधीत दीर्घकाळ देताना विचार करावा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असता हळद, सुंठ व लसूण यांची औषधी मात्रा टाळावी. बस्तिकर्म अपानानुलोमनासाठी योजावयाचे असल्यास गर्भशक्यता वगळूनच आणि रजःस्रावाचा काळ सोडून योजावे. मलाशयात खोल विकृती असल्याचे तपासणीत दिसले असेल तर ते तज्ज्ञांच्या संमतीशिवाय करू नये.

पुढील लक्षणे दिसताच विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे : एका बाजूस अकस्मात उठलेली तीव्र वेदना, मूर्च्छा, ज्वरासह ओटीपोटशूल, पाळी चुकून सुरू झालेली वेदना, ताशी एक पॅड भिजेल इतका स्राव. मल वा मूत्रातून रक्त जात असल्यास तपासणी टाळू नये. खोल विकृतीत मूत्रवाहिनी दबून वृक्काची हानी विनावेदना होऊ शकते, म्हणून अशा रुग्णेत वृक्कांचीही सोनोग्राफी करून घ्यावी. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा नसेल, आणि वय पस्तिशीच्या पुढे असल्यास सहा महिन्यांतच, वंध्यत्वाचा सल्ला घ्यावा.

उपसंहार

वर उल्लेखिलेल्या रुग्णेची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ती तज्ज्ञांची औषधे घेते आणि शेक, नियमित भोजन, चालणे व नोंदवही हा आमचा भागही सांभाळते. पाळीच्या दिवसांत तिला आता शाळा बुडवावी लागत नाही. अपत्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. आम्ही वेळेवर विचारले असते तर तो सुटला असता, असे खात्रीने म्हणता येत नाही. मात्र तिची दोन वर्षे वाचली असती, हे निश्चित.

दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही आपली परीक्षापद्धती आहे. या व्याधीत पहिल्या दोहोंना पुष्कळदा काही सापडत नाही. म्हणून प्रश्नपरीक्षेचे महत्त्व येथे सर्वाधिक. वाचक वैद्यांनी आपल्या कष्टार्तवाच्या रुग्णांची पत्रके एकदा पुन्हा चाळावीत आणि जिला हे प्रश्न विचारायचे राहून गेले असतील, तिला पुढच्या भेटीत ते अवश्य विचारावेत, एवढीच नम्र विनंती.