नकाशा काढण्याआधी खड्डा खणायला लावा

आमचं घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या उतारावर. मंगल कार्यालय सांगलीत, काळ्या मातीत, नदीपासून फार लांब नाही. दोन्हीकडच्या बागा एकाच डिझायनरला दिल्या. त्याने पैसे दोन बागांचे घेतले आणि काम एकाच नकाशावर उरकलं.

कोटेशनमध्ये सगळं होतं. कमी पाण्याची झाडं, पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण, स्थानिक जाती, आणि ‘सस्टेनेबल’ तर पानोपानी. पहिल्याच बैठकीत मी विचारलं होतं: साताऱ्यात पाऊस हजार मिलिमीटरच्या घरात आणि उतारावरून पळणारा, सांगलीत पाचशे-सहाशे आणि तोही चिकट मातीवर तुंबणारा, मग दोन्हीकडे झाडं तीच कशी? त्याने उत्तर माझ्या नवऱ्याकडे बघून दिलं. “सर, ही थीम आहे. दोन्ही प्रॉपर्टींची ओळख एकच दिसेल.” कार्यालय मी चालवते, चेकवर सही माझी, तरी शेवटपर्यंत तो बोलला नवऱ्याशीच. सांगलीत २०१९च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. कार्यालयाच्या भिंतीवर पाण्याची खूण अजून आहे. ती मी त्याला उभं राहून दाखवली. तरी बागेतले दिवे जमिनीलगतच बसले, वायरिंगसकट.

काम संपताच ड्रोन आणून फोटो काढले, ते त्याच्या माहितीपत्रकात छापून आले. बिलाचा शेवटचा हप्ता त्याच आठवड्यात घेतला.

मग उन्हाळा आला. कार्यालयात मेक्सिकन लॉनच्या लाद्या अंथरल्या होत्या. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये एक चौरस मीटर हिरवळीला दिवसाला पाच लिटर तरी पाणी लागतं, म्हणजे तीनशे चौरस मीटरला रोजचे दीड हजार लिटर. लग्नसराई नेमकी तेव्हाच. पाचशे पाहुण्यांचं पाणी बघायचं की गवताचं? टँकर मागवले, ते पैसेही माझेच.

वाळलेला एक फायकस काढायला माळीमामांनी पहार घातली, तर झाड अलगद वर आलं. बुंध्याखाली नर्सरीची काळी पिशवी जशीच्या तशी. आत लाल मातीचा वाळून कडक झालेला गोळा आणि पिशवीच्या आतल्या आत गोल गोल फिरलेली मुळं. बाहेरच्या काळ्या मातीत एकही मूळ गेलेलं नव्हतं. “ताई, ह्ये पिशवीसकट गाडलंय बगा,” मामा म्हणाले. शेजारचं उपटलं, तेही तसंच. खाली चार बोटं माती, आणि त्याखाली बांधकामाचा राडारोडा: विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे.

त्या संध्याकाळी मी सांगलीचा नकाशा टेबलावर पसरला. त्यावर पूर्वेकडे उतार दाखवणारे बाण होते आणि तीन टप्प्यांची चढण होती. आमचा सांगलीचा प्लॉट ताटासारखा सपाट आहे. ते बाण साताऱ्याच्या घराचे होते. ज्या जागेचे पैसे घेतले त्या जागेचा नकाशा या माणसाने काढलाच नव्हता, हे तेव्हा कळलं आणि अंगाचा तिळपापड झाला.

फोन केला तर म्हणाला, “पाणी कमी पडलं असेल.” त्याच बोलण्यात पुढे, “तुमच्या माळ्याने पाणी जास्त घातलं.” आमचे मामा आटपाडीकडचे, ज्या माणसाचं आयुष्य पाण्याच्या काटकसरीत गेलं त्याच्यावर हे खापर! मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. नंतर त्याचा सुपरवायझर येऊन फोटो काढून गेला, आणि मग फोन उचलणंच बंद.

साताऱ्यातही वेगळं नव्हतं. उताराला सिमेंटची भिंत घातली, पण मागचं पाणी निघायला एकही भोक ठेवलं नाही. जुलैत भिंतीला पोट आलं. शेवटी गवंड्याकडून ती पाडून सुट्या दगडांची ताल घातली. पाणी फटींतून निघून जातं आणि माती जागेवर राहते. आपले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. साताऱ्याजवळच्या लिंब गावी वीरूबाईंनी १७१९ ते १७२४ मध्ये बारामोटेची विहीर बांधली ती आमराईसाठी; झाडाआधी पाण्याचा विचार करायची इथली रीत आहे.

म्हणून सांगते, नकाशाआधी दीड-दोन फूट खड्डा तुमच्यासमोर खणायला लावा. पाण्याने भरा, मुरलं की पुन्हा भरा आणि पाणी किती वेळात उतरतं ते बघा. काळ्या मातीत सकाळपर्यंत साचून राहिलं, तर शोषखड्डा मुरूम लागेपर्यंत खोल न्यावाच लागतो. आमचा चार फुटांवर थांबवला होता, त्याचं डबकं झालं. पेव्हर ब्लॉकखालीही मुरूम दाबून घ्या. काळी माती फुगते आणि भेगाळते, फरशी वर-खाली होते. कृष्णाकाठी बोअरचं पाणी तपासून घ्या. क्षारतेचा आकडा, म्हणजे ईसी, ३ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेला तर नाजूक शोभेची झाडं त्या पाण्यावर घेऊ नका. शंभर चौरस मीटर छतावर सांगलीच्या पावसात साठ हजार लिटर पडतं. पाचवा हिस्सा वाया धरला तरी अठ्ठेचाळीस हजार उरतं. ते आधी साठवा.

झाडांत उताराला करंज, बहावा, कांचन आणि कुंपणाला करवंद. पुराच्या पट्ट्यात अर्जुन, जांभूळ, करंज. ही मुळात नदीकाठची, पायात पाणी राहिलं तरी तग धरतात. कोनोकार्पस फुकट दिला तरी घेऊ नका. गुजरातने २०२३मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आणि आपल्याकडे शहरात १९७५चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, नको असलेलं झाड वाढलं की तोडायलाही परवानगी लागते.

सगळं लेखी घ्या. डिझायनरची तीन वर्षं जुनी कामं बघा, नवी नकोत. पाव रक्कम एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. जो याला नाही म्हणेल त्याला तिथूनच परत पाठवा.

दाद मागायची तर ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं. घराच्या कामाची तक्रार सरळ चालते. व्यवसायासाठी घेतलेल्या सेवेला २०१९चा कायदा ‘व्यापारी हेतू’ म्हणून बाहेर ठेवतो. तिथेही दाद हवी असेल तर तो स्वतः चालवलेला, तुमच्या उपजीविकेचाच धंदा आहे हे दाखवावं लागतं. म्हणून दोन जागांचे करार आणि बिलं वेगवेगळी करून घ्या. आमच्या डिझायनरने दोन्हींचं मिळून एकच बिल केलं होतं, आणि आता त्याचा वकील नेमकं त्यावरच बोट ठेवतो आहे.