नकाशावरचे अंतर आणि वाटेवरचा वेळ

दोन गावांमधले अंतर किती, या प्रश्नाला एकच उत्तर असते असे आपण शाळेपासून धरून चालतो. वस्तुतः निदान दोन तरी उत्तरे संभवतात. एक पाखराच्या वाटेचे, दुसरे माणसाच्या वाटेचे.

आपलीच जव्हार आणि मोखाडा ही गावे घ्या. दोन्ही जवळजवळ एकाच अक्षांशावर, वीस अंशांच्या किंचित अलीकडे आहेत. तेव्हा हिशेब फक्त रेखांशाचा उरतो. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा असतो. उत्तरेकडे जावे तसतसा तो आखडतो आणि आपल्याकडे १०४ किलोमीटरांवर येतो. या दोन गावांच्या रेखांशांत एक दशांश अंशाहून थोडा अधिक फरक आहे. म्हणजे सरळ रेषेत अंतर भरते अकरा किलोमीटरांच्या आसपास. दऱ्या आणि डोंगराच्या सोंडा चुकवीत जाणाऱ्या सडकेने तेच जवळजवळ दुप्पट होते.

आता विमानाचे पाहू. मुंबई-दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटर वेगाने भागाकार केला तर दीड तासही होत नाही. वेळापत्रकात मात्र दोन तासांहून अधिक असतात. मुंबई-पुणे अंतर सरळ रेषेत १२० किलोमीटर. भागाकाराने नऊ मिनिटे, वेळापत्रकात पाऊण ते एक तास! धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, उंची गाठणे, उतरण्यासाठी पाळीची वाट पाहणे, हा वेळ अंतर कितीही असले तरी द्यावाच लागतो. प्रवासाच्या वेळेचे असे दोन भाग असतात : एक अंतराबरोबर वाढणारा, दुसरा ठरलेला. जवळच्या प्रवासात हा दुसराच भाग सारा वेळ खाऊन टाकतो.

जव्हारचे अखेरचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते. जव्हार ते मुंबई सरळ रेषेत शंभर किलोमीटर. आजच्या जेट विमानाला भागाकाराने साडेसात मिनिटे. आपल्या एस. टी.ला चार तासांहून अधिक लागतात. तेवढ्यात दिल्लीचा प्रवासी केव्हाच उतरलेला असतो.

पण हा विनोद येथेच थांबतो. आपल्या तालुक्यांतील कित्येक पाड्यांवरून रोग्याला झोळीत घालून सडकेपर्यंत आणावे लागते. मग वाहनाची वाट पाहायची, मग आरोग्य केंद्र, मग जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय, आणि तेथून पुढे पाठविले तर नाशिक. नाशिक सरळ रेषेत साठ किलोमीटर, सडकेने ऐंशीच्या घरात. सडकेवरचा वेळ कोणीही सांगेल. झोळीचा वेळ कोणत्याच वेळापत्रकात नाही, आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की तो सांगताही येत नाही. १९९२ साली वावर-वांगणीतील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. भूक आणि आजार ही त्याची कारणे खरी. परंतु उपचारापासूनचे अंतरही त्यांत धरले पाहिजे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि जिल्ह्याचे ठिकाण ठाण्यापेक्षा जवळ आले. पाडा आणि सडक यांमधले अंतर त्यामुळे एका पावलानेही घटले नाही.

आपल्यापैकी बरेच जण अशाच पाड्यांवरून महाविद्यालयात येतात. घरापासून सडकेपर्यंत पायी किती मिनिटे आणि पुढे गाडीने किती, हे प्रत्येकाने एकदा उन्हाळ्यात आणि एकदा श्रावणात घड्याळ लावून वहीत लिहावे. भूगोलाच्या प्रात्यक्षिकाला नकाशा काढताना गावांमध्ये किलोमीटरांऐवजी हीच मिनिटे घालावीत.