मुलाच्या घरपट्टीत बंदराचा वाटा का?

प्रश्न : मी घाटनांदूरचा (ता. अंबाजोगाई, जि. बीड) निवृत्त शिक्षक. माझा मुलगा अमेरिकेत सिएटलजवळ बेलव्ह्यूला नोकरी करतो. त्याने तिथे घर घेतलं. घरपट्टीच्या बिलात शाळा, शहर, ग्रंथालय, अग्निशमन यांच्या रांगेत ‘पोर्ट’ असाही एक रकाना आहे. बंदर तर जहाजांकडून भाडं घेतं, मग घरमालकाकडून पैसे कशाला? ते जातात कुठे? आम्ही इथे भरतो त्या घरपट्टीतूनही न्हावा-शेवा किंवा मुंबई बंदराला काही जातं का? आमच्या गावात रेल्वे स्टेशन आहे. रेल्वेची एवढी जागा गावात असून ग्रामपंचायतीला तिची घरपट्टी मिळत नाही, असं सांगतात, ते खरं का? शेवटचं म्हणजे, घराच्या खरेदीसाठी मी माझ्या बचतीतून मुलाला काही रक्कम पाठवली होती. त्यातून पुढे काही अडचण येईल का?

उत्तर : गुरुजी, तुमच्या घाटनांदूरच्या घरपट्टीतला एक पैसाही कोणत्याही बंदराला जात नाही. मुलाच्या घरपट्टीतला मात्र जातो, आणि तो कायद्याने जातो. आपल्याकडे असं नसल्यामुळे त्यामागचं कारण नीट सांगायला हवं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिएटलचा किनारा बऱ्याच अंशी रेल्वे कंपन्यांच्या आणि खासगी मालकांच्या ताब्यात होता. माल चढवायचा-उतरवायचा तर ते सांगतील तो दर मोजावा लागे. १९११ साली वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून लोकांना स्वतःचा बंदर-जिल्हा स्थापण्याचा अधिकार दिला. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला किंग काउंटीच्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) मतदारांनी मतदान करून ‘पोर्ट ऑफ सिएटल’ ही संस्था उभी केली. सार्वजनिक धक्के बांधायला भांडवल हवं होतं, म्हणून तिला मालमत्तेवर कर लावण्याचा अधिकार जन्मापासूनच मिळाला. बेलव्ह्यू याच किंग काउंटीत येतं, त्यामुळे समुद्राचं तोंडही न पाहणाऱ्या घरावर हा कर लागतो.

या संस्थेचा कारभार पाच आयुक्त पाहतात. ते नेमलेले अधिकारी नाहीत. सगळ्या काउंटीचे मतदार त्यांना चार वर्षांसाठी निवडून देतात. दरवर्षी पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प आणि कराची रक्कम जाहीर बैठकीत मंजूर होते आणि तिथे कोणालाही उभं राहून बोलता येतं. मंजूर झालेली रक्कम काउंटीच वसूल करते, म्हणून मुलाला बंदराचं वेगळं बिल येत नाही.

या करावर दोन लगाम आहेत. पहिला दराचा. सर्वसाधारण कामांसाठी हजार डॉलर मूल्यांकनामागे ४५ सेंटपेक्षा जास्त कर लावता येत नाही. रोख्यांची फेड या मर्यादेत धरत नाहीत. प्रत्यक्षात अलीकडच्या वर्षांत हा दर दहा सेंटच्या आसपास राहिला आहे. म्हणजे घराचं मूल्यांकन दहा लाख डॉलर असेल, तर बंदराचा वाटा वर्षाला साधारण शंभर डॉलर.

दुसरा लगाम मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नव्या बांधकामामुळे पडणारी भर सोडली, तर कराची एकूण मर्यादा वर्षाला एक टक्क्यानेच वाढते. त्याहून जास्त हवं असेल तर मतदारांकडे जावं लागतं. इथे तुमच्या मुलाचा गोंधळ होऊ शकतो. ही एक टक्क्याची मर्यादा त्याच्या बिलाला नाही, सगळ्या काउंटीतून मिळून गोळा होणाऱ्या रकमेला आहे. तिथे आधी एकूण रक्कम ठरते आणि मग ती सगळ्या घरांवर मूल्यांकनाच्या प्रमाणात वाटली जाते. सगळ्यांच्याच घरांच्या किमती सारख्या वाढल्या, तर दर खाली येतो आणि बिल फारसं हलत नाही. एकट्या त्याच्या वस्तीतल्या किमती चढल्या, तर त्याचा वाटा वाढतो आणि दुसऱ्या कोणाचा तरी कमी होतो. आपल्याकडे उलटा क्रम आहे. ग्रामपंचायत दर ठरवते, मूल्य ठरवते आणि दोन्हींचा गुणाकार म्हणजे तुमची घरपट्टी. म्हणून आपल्याकडे फेरआकारणी झाली की सगळ्या गावाचा कर एकदम वर जाऊ शकतो.

आता पैसे जातात कुठे. सिएटलचं विमानतळही याच संस्थेचं आहे, पण त्याचा नेहमीचा खर्च विमान कंपन्यांची भाडी, वाहनतळ, दुकानं यांतून भागतो. घरपट्टी त्यासाठी नाही. ती मोठ्या प्रमाणावर जाते धक्के आणि इतर बांधकामांसाठी काढलेल्या रोख्यांचे हप्ते फेडायला. काही भाग जुन्या उद्योगांनी घाण केलेली जमीन आणि पाणी साफ करायला लागतो. शहरातून वाहणाऱ्या डुवामिश नदीचा खालचा टप्पा इतका दूषित होता, की २००१ साली केंद्रीय पर्यावरण यंत्रणेने तो देशातल्या सर्वांत बिघडलेल्या जागांच्या यादीत घातला. त्याच्या सफाईत बंदराचाही वाटा आहे. काही पैसा रस्त्यांना जातो. किनाऱ्यालगतचा जुना उड्डाणरस्ता पाडून शहराखालून बोगदा काढला, तो २०१९ साली खुला झाला. त्या प्रकल्पात सुमारे ३० कोटी डॉलर घालायचं बंदराने कबूल केलं होतं. शिवाय मासेमारी बोटींचा तळ सांभाळणं, तरुणांना बंदर आणि विमानतळावरच्या कामांचं शिक्षण देणं, अशीही कामं त्यातून होतात.

हे योग्य की अयोग्य, यावर तिथेही वाद आहे. बंदराने आपल्या कमाईवर जगावं, असं एका बाजूचं म्हणणं. नदीची सफाई आणि रस्ते यांतून भाडं मिळत नाही, ते सगळ्या काउंटीचं काम आहे, असं दुसऱ्या बाजूचं. मला दुसरी बाजू पटते, पण एका अटीवर : कर लावणाऱ्याला मतदाराने निवडलेलं असलं पाहिजे आणि पैशांचा हिशेब वर्षाच्या वर्षाला उघडा झाला पाहिजे. सिएटलला या दोन्ही गोष्टी आहेत. तुमचा मुलगा अजून तिथला नागरिक नसेल तर त्याला मत देता येणार नाही, पण बैठकीत बोलायला नागरिकत्व लागत नाही. त्याने एकदा तरी जावं.

आपल्या देशातल्या मोठ्या बंदरांना घरमालकावर कर लावण्याचा अधिकारच नाही. त्यांच्यासाठीच्या १९६३ च्या कायद्याची जागा महापत्तन प्राधिकरण अधिनियम, २०२१ ने घेतली. तो ३ नोव्हेंबर २०२१ पासून लागू आहे. जुन्या कायद्यातही असा अधिकार नव्हता. बंदराचं उत्पन्न जहाजांवरचे आकार, मालाची हाताळणी, जमिनीचं भाडं आणि टर्मिनल चालवणाऱ्या कंपन्यांकडून मिळणारा हिस्सा यांतून येतं. पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा त्याचा खर्च ७६,२२० कोटी रुपये धरला होता. त्या कंपनीत ७४ टक्के वाटा न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा आणि २६ टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचा. एवढ्या मोठ्या रकमेत कोणत्याही गावाची घरपट्टी नाही. उलट न्हावा-शेव्याच्या बंदरानेच आपल्या मराठवाड्यात जालन्याला ड्राय पोर्टचं, म्हणजे समुद्रापासून दूरच्या माल हाताळणी केंद्राचं, काम हाती घेतलं. त्याचं भूमिपूजन डिसेंबर २०१५ मध्ये झालं.

आपल्याकडे घरपट्टीचा प्रश्न उलट्या बाजूने उभा राहतो : बंदर गावाला घरपट्टी देणार की नाही? हा प्रश्न उरण तालुक्यातल्या लोकांनी वर्षानुवर्षं लढवला. ज्या जमिनींवर न्हावा-शेव्याचं बंदर, नवी मुंबई आणि भोवतालची गोदामं उभी राहिली, त्यांच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं आणि गोळीबारात पाच माणसं गेली. बंदर १९८९ साली सुरू झालं. पुढे तिथल्या ग्रामपंचायतींनी बंदराकडे मालमत्ता कराची मागणी लावून धरली आणि वाद न्यायालयात गेला. जमीन गेली, शेती गेली, मग निदान गावाच्या पाण्या-रस्त्यासाठी कर तरी द्या, ही मागणी मला पूर्णपणे न्याय्य वाटते.

कायद्याचं सूत्र असं आहे. संविधानाच्या अनुच्छेद २८५ प्रमाणे केंद्र सरकारच्या मालमत्तेवर राज्याला किंवा ग्रामपंचायत-नगरपालिकेला कर लावता येत नाही. पण बंदर प्राधिकरणासारखं कायद्याने स्थापन झालेलं स्वतंत्र मंडळ म्हणजे केंद्र सरकार नव्हे. १९९५ साली दमदम नगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विमानतळ प्राधिकरणाबाबत हेच सांगितलं, की त्याची मालमत्ता त्याची स्वतःची आहे, सूट मिळणार नाही.

रेल्वे मात्र थेट केंद्र सरकारची आहे. त्यामुळे परळी–लातूर रोड मार्गावरच्या तुमच्या स्टेशनाबद्दल जे सांगतात ते बरोबर आहे. अनुच्छेद २८५ आहेच, शिवाय रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १८४ प्रमाणे केंद्राने अधिसूचना काढल्याशिवाय रेल्वेवर स्थानिक कर बसत नाही. कर नाही, तरी दिलेल्या सेवांचा मोबदला मागता येतो. राजकोट महानगरपालिकेच्या प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर असं ठरलं, की केंद्राच्या इमारतींनी घेतलेल्या सेवांप्रमाणे मालमत्ता कराच्या ७५, ५० किंवा ३३⅓ टक्के इतका सेवा-आकार द्यावा. ही व्यवस्था शहरांतल्या संस्थांपुरती ठरली आहे. तरी ग्रामपंचायत स्टेशनला पाणी किंवा दिवाबत्ती पुरवत असेल, तर तिने रेल्वेच्या विभागीय कार्यालयाशी लेखी करार करून आकार मागायला काहीच हरकत नाही.

तुमची स्वतःची घरपट्टी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ खाली बसते आणि ग्रामनिधीत जमा होते. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के भाग मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च व्हायला हवा. तो झाला का, हे वार्षिक हिशेबात दिसतं आणि तो हिशेब ग्रामसभेपुढे ठेवणं बंधनकारक आहे. ग्रामपंचायत कार्यालयातून नमुना ८ चा (घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीचा) उतारा घ्या, त्यात घराचं क्षेत्र आणि बांधकामाचा प्रकार बरोबर लिहिला आहे का ते पाहा. चूक तिथे असेल तर बिलावर भांडून उपयोग नाही, आकारणीवर लेखी हरकत द्यावी लागते.

राहिला तुमच्या पैशांचा प्रश्न. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत निवासी भारतीयाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. तुम्ही बँकेतून रीतसर पाठवले असतील तर त्यात गैर काही नाही. मुलाला दिलेल्या भेटीवर भारतात कर नाही. ठरावीक रकमेच्या वर बँकेने २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच कापून घेतलेला आगाऊ कर) घेतला असेल, तर तो तुमच्या फॉर्म २६ एएसमध्ये दिसेल. विवरणपत्र भरून तो वळता करून घ्या किंवा परत मागा. एका वर्षात एक लाख डॉलरपेक्षा जास्त भेट दिली असेल, तर मुलाला तिथे फॉर्म ३५२० भरावा लागतो. त्यावर कर लागत नाही, पण न भरल्यास दंड जबर आहे.

आता खरेदीखतावर तुमचंही नाव घातलंय का, हे मुलाला आजच विचारा. नाव असेल, तर तुमची पेन्शन करपात्र मर्यादेखाली असली तरी तुम्हाला विवरणपत्र भरावंच लागेल. ते आयटीआर-१ मध्ये चालणार नाही. आयटीआर-२ घेऊन त्यातल्या परदेशी मालमत्तेच्या अनुसूचीत घराची नोंद करावी लागेल. ही नोंद राहिली तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो, मग घर कितीही सरळ पैशाने घेतलेलं असो. मागच्या वर्षांची नोंद राहून गेली असेल, तर नोटिशीची वाट न पाहता सुधारित किंवा अद्ययावत विवरणपत्र भरता येईल का, हे अंबाजोगाई किंवा लातूरच्या सनदी लेखापालाला याच महिन्यात दाखवा. जाताना बँकेचा ए-२ फॉर्म आणि रक्कम पाठवल्याची पावती सोबत ठेवा.