मेसचा चाकू आणि मेटलर्जी लॅब

बोथट चाकूनेच बोट जास्त कापतं. टोमॅटोच्या सालीवर तो जोर लावून दाबावा लागतो, मग सटकतो आणि जातो थेट अंगठ्यावर.

धार जाते म्हणजे काय? पात्याच्या दोन बाजू जिथे मिळतात ती कड अगदी बारीक असते. स्टीलच्या ताटात कापलं की ती वाकते, झिजते. मग आपण चाकू धारवाल्याच्या चाकावर देतो. ठिणग्या बघायला मजा येते, पण कोरड्या चाकावर कड तापते. ती निळसर पडली तर टेम्परिंग गेलं समजा. तिथलं स्टील मऊ झालं, धार फार दिवस टिकणार नाही.

त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड बरा. माझी आजी याला विळी ‘पाजवणे’ म्हणते (हा शब्द आमच्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकात कुठून मिळणार!). दगडावर पाणी घालायचं, पातं १५ ते २० अंशांत धरायचं आणि पलीकडच्या बाजूला बर येईपर्यंत घासायचं. वर्कशॉपमध्ये फाइलिंग करताना जॉबच्या कडेला येते तीच ही बर. मग दुसरी बाजू.

बरेच जण इथेच थांबतात. बर तशीच राहिली तर चाकू आज मस्त कापतो, उद्या ती वाकली की पुन्हा बोथट. ती काढायची चामड्याच्या पट्ट्यावर. पूर्वी न्हावी वस्तरा फिरवायचे, तोच पट्टा. पण खरं काम चामडं करत नाही. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या जॉन व्हरहोवन यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धारा तपासून २००४ मध्ये हे मांडलं. कोऱ्या चामड्याने फरक थोडाच पडतो, क्रोमियम ऑक्साइड लावलं की बर निघते. बफिंगवाल्यांकडे हिरवी वडी असते ना, तिच्यात हेच असतं. कण साधारण अर्ध्या मायक्रॉनचे. १००० नंबरच्या पेपरचे १५ ते १८ मायक्रॉनचे. आपण लॅबमध्ये सॅम्पल एमरी पेपरवर घासून शेवटी मखमलीवर अॅल्युमिना लावून आरशासारखं करतो, तसंच हे. कापड काय, चामडं काय, फक्त कण धरून ठेवतं.

जुन्या बेल्टचा तुकडा (खरं चामडं हवं, रेक्झिन नको) लाकडी पट्टीवर फेव्हिकॉलने चिकटवा, वडी घासा. चाकू पाठीच्या दिशेने ओढायचा, धार मागे. उलटं केलंत तर बेल्टच कापला जाईल! प्रत्येक बाजूने दहा-बारा वेळा, अगदी हलक्या हाताने. जोर दिला की मऊ चामडं दबून कडेभोवती वर येतं आणि धार गोल होते. ओढून झाल्यावर मनगट वळवलं तरी तेच. वर्तमानपत्राचा कागद न फाटता सरळ कापला गेला म्हणजे जमलं. पट्टा मारूनही कापेना, तर परत दगडाकडे.

मेसचे चाकू लावून दिलेत तर मावशींना आधी सांगा. बोथट चाकूची सवय झालेला हात पहिल्या कांद्याला तेवढाच जोर लावतो.